डोकं दुखतं म्हणतेस, बीपी मोजलंस का?

बाय,

मेसेज वाचला. दीड वर्षाची असताना न्यूरोब्लास्टोमाचं, म्हणजे पोटातल्या कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन, वर रेडिएशन, आता एकोणीस, आणि डोकं दुखतं ते मोबाईलमुळे असं तूच ठरवलंस. असेलही. पण बीपी कधी मोजलंस?

माझी गाठ विल्म्सची, तीही लहानपणीच्या कॅन्सरचीच, पण किडनीतली. चौथ्या वर्षी मुंबईला काढली, डावी किडनी गेली. ती गाठ बहुतेकदा रक्तवाहिन्यांना बाजूला ढकलते, तुझी मात्र वडाची मुळं पडक्या देवळात शिरतात तशी त्यांना वेढून बसते, मग सर्जनला एकेक शीर सोडवत जावं लागतं. त्यात किडनीची धमनी कधी आखडते, कधी दुखावते, आणि लहानपणी रेडिएशन बसलं असलं तर अंग वाढतं पण तेवढा तुकडा अरुंद राहू शकतो. किडनीला रक्त कमी पोचलं की तिला वाटतं अख्ख्या अंगातलंच प्रेशर पडलं, ती रेनिन नावाचं द्रव्य रक्तात सोडते आणि बीपी चढतं.

मला कळलं सव्विसाव्या वर्षी, फोंड्याला रक्तदान करायला गेले तेव्हा, बीपी १७०/११०, त्रास म्हणशील तर शून्य! पहिल्या डॉक्टरने पोटावरचा व्रण न बघताच मीठ कमी करा म्हणून सांगितलं. केलं बाबा, पेजेबरोबरचं तोर, ती मिठात मुरवलेली कैरी, सोडलं (अजून जीव जळतो), पण धमनीच अरुंद, ती तोर सोडून काय रुंद होणार.

तर आधी जुनी फाईल शोध, ऑपरेशन नोटमध्ये कुठली धमनी सोडवली, काही बांधावी लागली का ते असतं. ती घेऊन गोमेकॉत, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात जा, दोन्ही हातांचं आणि पायांचंही बीपी घ्यायला सांग, पायात कमी आलं तर पोटातली मुख्य धमनीच अरुंद असू शकते. मग डॉपलर, म्हणजे धमनीतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, लागलं तर सीटी अँजिओ, म्हणजे धमन्यांचा सीटी स्कॅन. आणि शेजारच्या काकांची बीपीची गोळी चुकूनसुद्धा घेऊ नको, टेल्मिसार्टन, रामिप्रिल असल्या गोळ्यांनी अशा किडनीचं काम आणखी मंदावू शकतं, रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनीचं काम कळतं, ते तपासत राहूनच त्या देतात. डोकेदुखीवर ब्रुफेनही नको. उलटी झाली नाहीतर डोळ्यांपुढे धूसर झालं तर वाट न बघता कॅज्युअल्टीत जा.

मी शुक्रवारी येते, बांबोळीच्या स्टॉपवर भेटू. फाईल कपाटात नसली तर माळ्यावर बघ, माझी गणपतीवर बांधायच्या माटोळीच्या लाकडांखाली सापडलेली.