पोटाचं जुनं मोठं ऑपरेशन झालेलं असताना स्वादुपिंडाचं ऑपरेशन झेपतं का?

तुमचा प्रश्न असा: बाबा 68 वर्षांचे, 1986 मध्ये अल्सरसाठी अर्धं पोट (जठर) काढून उरलेल्याला आतडं जोडलेलं, आता कावीळ झाली, स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली, आणि डॉक्टर व्हिपल, म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन, सांगतायत. मी ठाण्यात पोटाच्या शस्त्रक्रिया करतो. बाबांना न तपासता सांगता येईल तेवढं सांगतो.

नुसत्या जुन्या ऑपरेशनमुळे व्हिपलला सहसा कुणी नकार देत नाही. अडचण असते ती आत नक्की काय करून ठेवलंय हे माहीत नसण्याची. व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं, ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात), पित्ताशय, पित्तनळीचा खालचा भाग निघतो आणि तीन जोड द्यावे लागतात: स्वादुपिंड, पित्तनळी, पोट, तिन्ही लहान आतड्याला. बाबांचा पोटाचा जोड आधीच आहे. तो नीट चालत असेल तर कधी तसाच ठेवून उरलेले दोन जोड त्याच्या अलीकडच्या आतड्यावर बसवता येतात. कधी सगळं सोडवून नव्याने मांडावं लागतं. हे पोट उघडल्यावरच पक्कं ठरतं. म्हणून ‘चार तासांत उरकतो’ म्हणणाऱ्या सर्जनपेक्षा ‘आत बघून ठरवू’ म्हणणारा मला बरा वाटतो.

तेव्हा घरात जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. ठाण्याच्या नौपाड्यातली त्या काळची कितीतरी छोटी नर्सिंग होम आता बंद आहेत, तिथे कागद मिळायचे नाहीत. पण आया-आज्या असले कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवतात. माझ्या एका दुसऱ्या रुग्णाच्या अशाच पिवळ्या कार्डावर पुसट शाईत ‘रेट्रोकोलिक’ एवढा एक शब्द वाचायला मिळाला होता. म्हणजे आतड्याचा वळसा मोठ्या आतड्याच्या मागून नेलेला. तो कुठे चिकटलेला असणार हे पोट उघडायच्या आधीच कळलं.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची. जुन्या ऑपरेशनमध्ये पोटाच्या काही रक्तवाहिन्या बांधलेल्या असतात, उरलेलं पोट राहिलेल्यांवर जगतं. शेपटीकडची गाठ काढताना प्लीहाही काढली तर उरलेल्या पोटाचं रक्तच तुटू शकतं. बाबांची गाठ डोक्याशी आहे, तरी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) बघून हा हिशेब आधी करावाच लागतो.

कावीळ फार वाढली किंवा थंडीताप आला तर आधी पित्ताला वाट करून द्यावी लागते. एरवी ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, पित्तनळीत स्टेंट (बारीक नळी) टाकतात; बाबांच्या पोटात दुर्बिणीला उलट्या, लांब वाटेने जावं लागतं आणि ती दर वेळी पोचत नाही. मग यकृतातून नळी घालतात, तिला पीटीबीडी म्हणतात. बाहेर लटकणारी पिशवी बघून घाबरू नका.

आता निकाल. अनुभवी केंद्रांत व्हिपलनंतरचा मृत्युदर साधारण 5 टक्क्यांच्या आत असतो, पण लहानमोठी गुंतागुंत 100 पैकी 40 जणांना तरी होते. हे सगळ्या रुग्णांचे आकडे. जुनी जोडाजोड असलेल्यांचे छापून आलेले अनुभव छोट्या गटांचे आहेत: वेळ आणि रक्तस्राव जास्त, पण निवडक रुग्णांत अनुभवी हातांखाली निकाल फार वेगळे नाहीत. खरी धास्ती स्वादुपिंडाचा जोड गळण्याची, आणि ती जुन्या टाक्यांपेक्षा स्वादुपिंडाची ग्रंथी कशी आहे त्यावर ठरते. ग्रंथी लोण्यासारखी मऊ आणि तिच्यातली नळी बारीक असली की टाका धरत नाही.

अर्धं पोट गेलेल्या माणसाला बी12 आणि लोह बहुधा कमी असतं. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन), बी12 आजच तपासा, भरून काढायला वेळ लागतो. विडी-सिगारेट असेल तर आजपासून बंद.

शेवटी, व्हिपल वरचेवर होतात तिथेच करा. परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल लांब वाटत असेल तर त्यांचंच खारघरचं ॲक्ट्रेक हे केंद्रही आहे. कुठेही जा, सर्जनला वर्षाला किती व्हिपल करता हे सरळ विचारा, राग येत नाही कुणाला. आणि सीटीचा नुसता रिपोर्ट नको, सीडी घेऊन जा.