डेबियन लाइव्ह: कॅस्पर-आरडब्ल्यू पार्टिशन केलं तरी रीस्टार्टला सगळं गायब

तुम्ही म्हणताय ३२ जीबी पेनड्राइव्हवर डेबियन लाइव्ह (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) टाकलं, कॅस्पर-आरडब्ल्यू लेबलचं पार्टिशनपण केलं, तरी रीस्टार्ट केलं की बुकमार्क, फाइली सगळं साफ. साफच होणार, कारण ते लेबल उबुंटूचं आहे. लाइव्ह सिस्टिम सुरू करणारं उबुंटूचं कॅस्पर वेगळं, डेबियनचं लाइव्ह-बूट वेगळं, आणि युट्यूबवाले दोन्हीची खिचडी करून ठेवतात.

बदल टिकायला डेबियनला तीन गोष्टी लागतात. एक, ईएक्सटी४ (लिनक्सचा डिस्क फॉरमॅट) पार्टिशन, लेबल पर्सिस्टन्स, सगळी अक्षरं स्मॉल. दोन, त्याच पार्टिशनच्या अगदी वरच्या पातळीवर, कुठल्याही फोल्डरमध्ये नाही, पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ नावाची फाइल (रूट म्हणजे अ‍ॅडमिन म्हणून बनवा, नाहीतर परमिशन नाही म्हणून हाकलेल). तीन, बूट करताना कर्नल (सिस्टिमचा गाभा) सुरू करणाऱ्या ओळीत पर्सिस्टन्स हा शब्द. यातलं एक जरी चुकलं तरी एरर वगैरे काही येत नाही, गपचूप साधं लाइव्ह सुरू होतं, आणि म्हणूनच लोक तासन्‌तास डोकं धरून बसतात.

पेनड्राइव्ह रुफसने (विंडोजमधलं बूट पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) आयएसओ मोडमध्ये लिहिला असेल तर त्याने सहसा अख्खी जागा फॅट३२ करून टाकलेली असते, नवं पार्टिशन करायला काही उरतच नाही, त्यामुळे परत डीडी मोडमध्ये (आयएसओ, म्हणजे डेबियनची इमेज फाइल, जशीच्या तशी उतरवणारा) लिहा म्हणजे मागची जागा मोकळी राहते. डीडीचा तोटा असा की आयएसओचा भाग रीड-ओन्ली असतो, ग्रबचा (सुरू होताना दिसणारा) मेनू कायमचा बदलता येत नाही, मग दर वेळी मेनूत ई दाबा, लिनक्स ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन पर्सिस्टन्स हा शब्द टाइप करा, कंट्रोल-एक्स. कंटाळवाणं आहे, मान्य. काली लिनक्समध्ये यासाठी मेनूत तयार एंट्री असते, डेबियनच्या आयएसओत नसते.

आता त्या पर्सिस्टन्स डॉट कॉन्फ फाइलीत काय लिहायचं. सगळीकडे स्लॅश, स्पेस, युनियन असं लिहायला सांगतात. त्याने पूर्ण सिस्टिममधले बदल टिकतात, इन्स्टॉल केलेली पॅकेजेससुद्धा. पण मी ते सुचवणार नाही. मूळ सिस्टिम स्क्वॅशएफएस नावाच्या फक्त वाचता येणाऱ्या, दाबून बांधलेल्या फाइलीत बंद असते, ती बदलत नाही, तुम्ही अपग्रेड मारलं की नव्या फाइली पार्टिशनवर वेगळ्या साठत जातात, जुन्या आतमध्ये तशाच, आणि कर्नल तर अपग्रेड करूनही आयएसओतलाच जुना बूट होतो. त्यापेक्षा फक्त स्लॅश होम एवढीच ओळ टाका. फाइली, बुकमार्क, सेटिंग राहतील. वाय-फायचा पासवर्ड मात्र नाही राहणार, तो होममध्ये नसतो, ईटीसीमधल्या नेटवर्कमॅनेजरच्या सिस्टिम-कनेक्शन्स फोल्डरमध्ये असतो, तर त्या फोल्डरचा पूर्ण पाथ दुसऱ्या ओळीत द्या. आणि रोज नवीन सॉफ्टवेअर टाकायचंच असेल तर लाइव्हचा नाद सोडा, पेनड्राइव्हवर सरळ पूर्ण इन्स्टॉल करा.

पेनड्राइव्ह खिशात घेऊन फिरणार असाल तर पार्टिशन लक्सने (लिनक्सची डिस्क कुलूपबंद करायची पद्धत) एन्क्रिप्ट करा, मग बूटच्या ओळीत पर्सिस्टन्स-एन्क्रिप्शन=लक्स हेही जोडावं लागतं आणि सुरू होताना पासफ्रेज विचारतं.

झाल्यावर टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (डिस्क-पार्टिशनची यादी दाखवणारी कमांड) मारा. नव्या पार्टिशनसमोर माउंट पॉइंट दिसला तर चालू आहे, रिकामं असेल तर आधी लेबल तपासा, मग फाइलीचं नाव, कारण विंडोजमध्ये बनवलेल्या फाइलीला बऱ्याचदा शेवटी गुपचूप डॉट टीएक्सटी चिकटलेलं असतं.