गरोदरपणातला वांग आणि लातूरहून येणारी ट्यूब

मेलबर्नला राहणाऱ्या आपल्या लातूरच्या एका लेकीचा मेसेज आलाय. सहावा महिना चालूय, गालावर अन वरच्या ओठावर काळपट डाग पडलेत, पोटावर उभी रेघ आलीय आणि रोज व्हिडिओ कॉलवर आई म्हणते "काय गं माय, तोंड किती काळवंडलं, नीट खातपीत नाहीस का", म्हणून आता ती कॅमेराच बंद ठेवते. वाचून लई वाईट वाटलं मला.

तर बाई, आईला आधी हे सांग की खाण्यापिण्यानं काही झालेलं नाही. ह्याला आपण वांग म्हणतो, डॉक्टर मेलाझ्मा म्हणतात. गरोदरपणात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स वाढतात, त्यानं कातडीत मेलानिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त तयार होतं, अन आपल्या सावळ्या रंगावर ते लवकर उठून दिसतं. पोटावरच्या रेघेला काहीच करायचं नाही, बाळंतपणानंतर काही महिन्यांत ती फिकी होते. आणि लोहाच्या गोळ्यांनी आई काळी पडते, लेकरू काळं होतं असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नको, गोळ्या चालूच ठेव.

खरं सांभाळायचं ते ऊन. मेलबर्नचं उन्हाळ्यातलं ऊन लई कडक, हवा गार लागली तरी फसायचं नाही, आणि गाडीच्या बाजूच्या काचेतून पण उन्हातली कातडी काळवंडवणारी यूव्हीए किरणं येतात. झिंक ऑक्साइडवालं एसपीएफ ३० किंवा त्याच्या वरचं सनस्क्रीन घे, त्यात आयर्न ऑक्साइडचा टिंट, म्हणजे कातडीसारखा हलका रंग, असला तर जास्त चांगलं कारण साध्या उजेडानं पण वांग वाढतो, आणि बाहेर असशील तर दर दोन तासांनी परत लाव. लिंबू चोळू नको, लिंबू लावून उन्हात गेलं की कातडी भाजून उलट डाग पडतात.

आता मला सगळ्यात जास्त काळजी कशाची, तर आई बाळंतपणाला येताना बॅगेत मेडिकलवरची "गोरं करायची" ट्यूब आणेल त्याची. माझ्या दुसऱ्या वेळी मलाही अशीच एक चिठ्ठीशिवाय मिळाली होती, नशिबानं डॉक्टरीणबाईंनी पाहिली. असल्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन ही डाग उजळवायची कडक औषधं आणि स्टेरॉइड एकत्र असतं, पोटात बाळ असताना ते टाळायचं, आणि स्टेरॉइडनं तोंडाची कातडी पातळ होते ते वेगळंच. नाव-कंपनी नसलेल्या क्रीममध्ये पारा पण निघतो, तो किडनीला वाईट. काही लावायचंच असेल तर तिथल्या डॉक्टरला अझेलिक अ‍ॅसिड ह्या डाग फिके करणाऱ्या क्रीमबद्दल विचार, ते गरोदरपणात चालतं.

मानेवर, काखेत कातडी जाड, मखमलीसारखी काळी झाली असेल तर तो वांग नव्हे, साखरेशी संबंध असू शकतो, २४ ते २८ आठवड्यांतली शुगरची टेस्ट चुकवू नको. आणि तळहात-तळपायाला रात्री खूप खाज सुटली, पुरळ काही नाही, तर लिव्हरचं कारण असू शकतं, त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन कर.

बाळंतपणानंतर वांग बऱ्याच जणींचा कमी होतो, काहींचा थोडा राहतो, त्याचं औषध नंतर बघता येतं. पुढं कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर वांग होता हे डॉक्टरला सांग, त्या हार्मोननं तो परत येऊ शकतो.

आज कॅमेरा चालू करून हे सगळं आईला सांग, आणि ट्यूबच्या ऐवजी, आपण लातुरात स्कूटीवर तोंडाला गुंडाळतो ना, तसल्या चार मोठ्या सुती ओढण्या आणायला लाव.