‘राहतोय’चं इंग्रजी दर वेळी एकच नसतं

प्रश्न : ‘मी इथे पाच वर्षांपासून राहतोय’ याचं मी ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असं इंग्रजी केलं. यात दोन चुका आहेत म्हणतात. त्या कोणत्या?

उत्तर : पहिली चूक काळाची. आपलं ‘राहतोय’ दोन कामं करतं. ‘सध्या मावशीकडे राहतोय’ हेही चालतं आणि ‘पाच वर्षांपासून राहतोय’ हेही. इंग्रजीत या दोन कामांना दोन रूपं आहेत. सध्यापुरतं सांगायचं असेल तर ‘अ‍ॅम लिव्हिंग’. मागे कधीतरी सुरू झालं आणि आजही चालू आहे, तर ‘हॅव बीन लिव्हिंग’. म्हणून वाक्यात ‘पासून’ दिसलं की ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘आर’ लिहिण्याआधी थांबा. तिथे बहुधा ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ लागतं.

दुसरी चूक ‘सिन्स’ची. ‘पासून’ म्हणजे ‘सिन्स’ हे समीकरण शाळेत इतकं घोटलेलं असतं की हात आपोआप तेच लिहितो. कॅलेंडरवर किंवा घड्याळावर बोट ठेवून दाखवता येईल अशी सुरुवात असेल तरच ‘सिन्स’ : सिन्स २०१९, सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. मोजून सांगितलेल्या अवधीला ‘फॉर’ : फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स. तेव्हा तुमचं वाक्य ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ असं होईल. इथे ‘हॅव लिव्ह्ड’ही बरोबर आहे.

प्रश्न : ‘आय अ‍ॅम नॉट नोइंग’, ‘आय अ‍ॅम हॅव्हिंग टू ब्रदर्स’ ही वाक्यं का चुकतात? कोणत्या क्रियापदांना आयएनजी लावायचं नाही, ते पाठच करावं लागतं का?

उत्तर : पाठ करण्याआधी आपल्या मराठीची मदत घ्या, ती इथे फार उपयोगी पडते. मला माहीत आहे, मला हवंय, मला आवडतं, मला आठवतंय, मला दोन भाऊ आहेत. या सगळ्या वाक्यांत ‘मी’ काही करत नाही. ‘मला’ आलंय, कारण ही कृती नव्हे, स्थिती आहे. अशा स्थितीची इंग्रजी क्रियापदं, म्हणजे नो, वाँट, लाइक, रिमेंबर आणि मालकी किंवा नातं सांगणारं हॅव, सहसा साध्या वर्तमानकाळात राहतात. ‘हवंय’, ‘आठवतंय’ यांतला ‘य’ ऐकून आयएनजी लावण्याचा मोह होतो, तो टाळा. ही खूण प्रत्येक वाक्याला लागू पडत नाही. ‘मला त्रास होतोय’मध्ये घडणारी गोष्ट आहे. पण रोजच्या बहुतेक चुका तिने पकडल्या जातात.

काही क्रियापदं मात्र अर्थ बदलला की रूप बदलतात. ‘आय थिंक ही इज राइट’ हे मत झालं, म्हणजे ‘मला वाटतं’. ‘आय अ‍ॅम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे ‘मी विचार करतोय’, म्हणून तिथे आयएनजी. तसंच ‘शी इज हॅव्हिंग लंच’ बरोबर आहे, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं.

प्रश्न : ‘ही डझ नॉट गोज’ का चालत नाही?

उत्तर : तृतीयपुरुषी एकवचनाची खूण वाक्यात एकदाच लागते. ती ‘डू’चं ‘डझ’ होताना लागून गेली, म्हणून पुढे मूळ रूप ‘गो’. प्रश्नातही तेच : ‘डझ ही गो?’

प्रश्न : ‘मी उद्या येतो’ याला ‘आय कम टुमॉरो’ म्हणावं का?

उत्तर : नाही. आधीच ठरलेलं असेल तर ‘आय अ‍ॅम कमिंग टुमॉरो’, बोलता बोलता कबूल करत असाल तर ‘आय विल कम टुमॉरो’. उद्याच्या गोष्टीसाठी साधा वर्तमानकाळ मुख्यतः वेळापत्रकाला वापरतात : ‘द ट्रेन लीव्ह्ज अ‍ॅट सिक्स टुमॉरो’.