चिपळूणच्या दुकानाला परवडेल असा बॅकअप

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: चिपळूणच्या बाजारपेठेत हार्डवेअरचं होलसेल दुकान, दोन कॉम्प्युटर, हिशेबाला टॅलीप्राइम, रोज रात्री पेनड्राइव्हवर कॉपी, एका विक्रेत्याने सुचवलेला एनएएस (नेटवर्कला जोडून सगळ्यांनी वापरायची डिस्कची पेटी), आणि वर्षाला दहा हजारांच्या आत सगळं बसवायचंय. दहा हजार पुरतात. अडचण पैशांची नाही, तो पेनड्राइव्ह रात्री गल्ल्यातच राहतो ही आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा गल्ला आणि कॉम्प्युटर यांत पाण्याने भेद केला नव्हता.

आधी काय गेलं तर धंदा अडेल ते बघा. विक्रीची रिटर्न आणि खरेदीची २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) जीएसटी पोर्टलवर असतात, ई-वे बिलं त्यांच्या वेगळ्या पोर्टलवर. मागच्या वर्षाचा टॅली डेटा बहुधा तुमच्या सीएकडेही असतो. पण कोणत्या गवंड्याकडे किती उधारी आहे, कोणत्या कॉन्ट्रॅक्टरने कधी किती दिले, गोडाऊनमध्ये किती माल पडलाय, हे फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर आहे. पुरानंतर लोक देणी नाकारतातच असं नाही, पण आकडा तुम्हीच सांगू शकला नाहीत तर समोरचा तरी काय करणार?

आता मांडणी. टॅलीत अल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या. टॅली चालू असताना नुसतं डेटाचं फोल्डर कॉपी करू नका, अर्धवट फाइल येण्याचा धोका असतो. रोज त्याच बॅकअपवर नवा चढवू नका. वारानुसार सात फोल्डर करा आणि महिनाअखेरचा वेगळा ठेवा. मंगळवारी कुणी चुकून नोंदी उडवल्या आणि ते शनिवारी लक्षात आलं, तर सोमवारची कॉपीच कामाची.

एक टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क साधारण पाच हजारांत येते. दोन घेतल्या की एक दुकानात, एक बाहेर, आणि दर आठवड्याला अदलाबदल. दोन्ही एकदम घेणं बजेटबाहेर जात असेल तर पहिल्या वर्षी एक डिस्क आणि आत्ताचा पेनड्राइव्ह चालेल. ‘बाहेर’ म्हणजे दुकानावरच्या माळ्यावर नव्हे. घरही बाजारपेठेतच असेल तर उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे, किंवा दुसऱ्या गावी ठेवा. कॉपी झाली की डिस्क काढायचीच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने नेटवर्कवरून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उड्या मारल्या, आणि असले व्हायरस जोडलेली डिस्क किंवा शेअर केलेलं फोल्डर दिसलं की तेही लॉक करतात. (विंडोजमधल्या ज्या भोकातून तो शिरला त्यावरचं पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. अपडेट ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

क्लाउडसाठी गुगलचा १०० जीबीचा प्लॅन वर्षाला साधारण १,३०० रुपयांत मिळतो. दुकानाच्या टॅलीला तर फुकटची १५ जीबी जागाही सहज पुरेल. मात्र सिंक, म्हणजे फोल्डर आपोआप क्लाउडशी जुळतं ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे: इथे फाइल बिघडली की तिथेही बिघडलेलीच जाते. गुगल ड्राइव्हवर जुनी आवृत्ती साधारण ३० दिवस परत मिळते, त्यानंतर नाही. आणि पुरात वीज नि नेट दोन्ही जातात, तेव्हा पहिले काही दिवस हातात डिस्कच असणार. तुमची प्रोप्रायटरशिप असेल तर इथवर पुरे. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवण्याचा नियम आहे, तेव्हा सीएशी बोलून मगच क्लाउड निवडा.

डिस्क दुकानाबाहेर फिरणार म्हणून पासवर्ड लावायला हवा. विंडोज प्रो असेल तर त्यातलंच डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर, नाहीतर व्हेराक्रिप्ट फुकट आहे. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून डिस्कपासून वेगळी ठेवा. टॅलीव्हॉल्ट (टॅलीतला डेटा पासवर्डने कुलूपबंद करण्याची सोय) वापरत असाल तर तो पासवर्डही लिहा, विसरलात तर टॅलीवालेही उघडून देऊ शकत नाहीत. त्याच कागदावर टॅलीचा सिरियल नंबर, लायसन्सचा ईमेल आणि जीएसटीला जोडलेला मोबाइल नंबर. डिजिटल सहीचा टोकन मात्र कॉपी होत नाही, तो गेला की नवी सही काढावी लागते.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. बॅकअप घेतला, पण उघडून बघितला कुणी? दर मे महिन्यात, पावसाआधी, घरच्या लॅपटॉपवर टॅली टाका. लायसन्स नको, एज्युकेशनल मोडमध्ये डेटा दिसतो, फक्त ठरावीक तारखांच्याच नोंदी करता येतात. तिथे बॅकअप रिस्टोर करा. दुकानातल्या चालू फोल्डरवर चुकूनही करू नका, ताज्या नोंदींवर जुना डेटा चढेल. मग त्या दिवशीची येणी, बँक शिल्लक आणि दोन-चार मालांचा स्टॉक दुकानातल्या आकड्यांशी ताडून बघा. किती वेळ लागला तेही टिपा. पुरानंतर बिलिंग सुरू करायला तुम्हाला साधारण तेवढाच वेळ, अधिक नवा कॉम्प्युटर मिळेपर्यंतचे दिवस. हे काम मुनीमजींकडून करून घ्या, तुम्ही शेजारी बसा. तुम्ही गावाला असताना पाणी चढलं तर त्यांनाच करायचंय.

डिस्क भिजलीच तर चालू करून बघू नका, उन्हातही वाळवू नका. तशीच डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. त्याचं बिल मात्र या सगळ्या मांडणीपेक्षा बरंच मोठं येतं.

राहता राहिला त्या विक्रेत्याने सुचवलेला एनएएस. दोन कॉम्प्युटरसाठी नको. तो दुकानातच राहणार, नेटवर्कला सतत जोडलेला राहणार, आणि वर त्याला यूपीएस लागणार. पुढे सात-आठ जण एकाच डेटावर काम करू लागले तर बघू.