वाचकांचे प्रश्न : प्रत्येक बंदरावर बस घ्यायची का?

प्रश्न : आम्ही दोघं (वय ६८ आणि ६४, नाशिक) सप्टेंबरमध्ये सात रात्रींच्या क्रूझला जातोय. बार्सिलोनाहून बोट निघते, मग मार्सेय, लिव्होर्नो, चिवितावेक्किया, नेपल्स आणि परत बार्सिलोना. तिकीट मुलीने काढून दिलंय. आता बोटीच्या कंपनीकडून मेलवर मेल येतायत की बंदरावरच्या बस टूर आत्ताच बुक करा, आणि सगळ्या घेतल्या तर तिकिटाच्या निम्मे पैसे त्यातच जातात. मुलगी म्हणते एकही घेऊ नका, ट्रेनने फिरा. ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, पायऱ्या उतरताना जास्तच. काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्या घ्यायच्या किंवा एकही नाही असं ठरवूच नका, प्रत्येक बंदराचा वेगळा विचार करा. पहिला प्रश्न एकच, बोट लागते तो धक्का आणि तुम्हाला बघायचंय ते ठिकाण यात अंतर किती. ब्रोशरवर 'रोम' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं पण बोट लागते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे बसने जायलाच दीड तास आणि यायला दीड तास. 'फ्लॉरेन्स'चं तेच, बोट लिव्होर्नोला आणि फ्लॉरेन्स तिथून नव्वदेक किलोमीटर. नेपल्सला मात्र बोटीतून उतरलं की समोर किल्लाच दिसतो, रस्ता ओलांडला की तुम्ही शहरात.

तुमच्या जागी मी असते तर पैसे रोमवर खर्च केले असते. कारण तिथे उशीर होण्याची भीती सगळ्यात जास्त. बोट सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधी सगळ्यांनी परत यायचं असतं, आणि बोटीच्या स्वतःच्या टूरची बस रस्त्यात अडकली तर बोट सहसा थांबते, तुम्ही स्वतः गेला असाल तर थांबत नाही. आम्ही पहिल्या क्रूझला नेपल्सहून पाँपेईला (ज्वालामुखीत गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर) आपलेआपण लोकलने गेलो होतो, परत येताना मी चुकीच्या प्लॅटफॉर्मवर सगळ्यांना उभं केलं, एक गाडी गेली, पुढची यायला अर्धा तास, आणि तो अर्धा तास सासूबाई काही न बोलता हातातलं बोटीचं कार्ड नुसतं घट्ट धरून बसल्या होत्या. बोट मिळाली, पण त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. म्हणून सांगते, बरोबर वयस्कर माणूस आणि अंतर लांबचं असेल तर पैसे वाचवायला जाऊ नका.

पण रोमच्या यादीतली सगळ्यात महागडी टूर घ्यायची गरज नाही. त्यात 'ऑन युवर ओन' अशी एक टूर बहुतेक वेळा असते, म्हणजे बस फक्त नेऊन सोडते आणि ठरलेल्या वेळी परत आणते, गाईड नाही, जेवण नाही. गुडघेदुखीवाल्याला हीच बरी, कारण गाईड हातात पाटी वर धरून भराभर चालतो आणि मागचे त्याच्या मागे पळतात, बसावंसं वाटलं तरी बसता येत नाही. तुम्ही आपलं एक सेंट पीटर्स (व्हॅटिकनचं मोठं चर्च) किंवा एक कोलोसियम बघा, दोन्ही नको. त्या चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, साडी किंवा पंजाबी ड्रेस असेल तर प्रश्नच नाही. व्हॅटिकनची म्युझियम्स रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), तेव्हा बोट कुठल्या वारी लागतेय ते आत्ताच बघा.

पाणी विकत घेत बसू नका. रोममध्ये रस्त्याच्या कडेला लोखंडी बुटके नळ असतात, त्यांचं वाकडं तोंड खाली आणि पाणी सतत वाहत असतं, ते पिण्याचंच असतं. बाटली भरायला त्रास नाही पण नुसतं प्यायचं तर ह्यांना वाकायला लागेल, तर एक करायचं, तोटीचं तोंड खालून बोटाने दाबून धरायचं, वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं त्यातून कारंज्यासारखी धार वर येते, तिला तोंड लावायचं. माझ्या यजमानांना हे एका भाजीवाल्या आजींनी हाताने करून दाखवलं होतं.

लिव्होर्नोला फ्लॉरेन्सचा मोह सोडा. पिसा पंचवीसेक किलोमीटर, अर्ध्या दिवसाची बस टूर असते ती घ्या. तिथल्या कलत्या मनोऱ्यावर मात्र चढायचं नाही, अडीचशेच्या वर पायऱ्या आहेत आणि उतरताना ह्यांचा गुडघा ओरडेल. खालच्या हिरवळीजवळ बसून तासभर नुसतं बघा, सुंदर दिसतो.

नेपल्सला टूर नको. पाँपेईचे रस्ते मोठमोठ्या उंचसखल दगडांचे आहेत आणि सावली फार कमी, या गुडघ्याला ते झेपणार नाही. त्याऐवजी टॅक्सी करून नेपल्सच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये जा (मंगळवारी बंद), इ.स. ७९ च्या त्या ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या घरांतली भिंतीवरची चित्रं आणि फरशीवरची नक्षी तिथेच आणून ठेवलीय. मग पिझ्झा, मार्गेरिटा मागितला की शाकाहारीच येतो.

मार्सेयबद्दल थोडं मनातलं. तिथे बस टूर तुम्हाला एक्स-आँ-प्रोव्हाँसला वगैरे नेतात, गाव छान आहे, पण मराठी माणसाने मार्सेयलाच थांबावं असं मला फार वाटतं. ८ जुलै १९१० ला मोरिया बोटीच्या शौचकुपाच्या खिडकीतून सावरकरांनी उडी टाकली ती याच बंदरात, पोहत फ्रान्सच्या जमिनीला लागले आणि तरी फ्रेंच शिपायाने पकडून परत इंग्रजांच्या हवाली केलं, ते प्रकरण पुढे हेगच्या लवादापर्यंत गेलं. टूरच्या गाईडकडून हे ऐकायला मिळेल असं धरू नका. पण सकाळी बोट बंदरात शिरत असेल तेव्हा डेकवर जा, कठड्याला धरून खाली पाण्याकडे बघा, ती उंची आणि ते गार पाणी बघून शाळेत वाचलेला धडा एकदम खरा वाटायला लागतो. मला रडू आलं होतं. क्रूझचा धक्का शहरापासून बराच लांब, उत्तरेला आहे, तेव्हा जुन्या बंदरापर्यंत शटल बस घ्या, आणि तिथून टेकडीवरच्या नोत्र-दामच्या चर्चला छोटी टुरिस्ट ट्रेन जाते, चढ चालायला लागत नाही.

बार्सिलोनाला एक दिवस आधी पोहोचा आणि साग्रादा फामिलिया या प्रसिद्ध चर्चचं तिकीट वेळेसकट घरूनच काढा. रामब्ला या गर्दीच्या रस्त्यावर पर्स पुढे धरा, पासपोर्ट त्यात नको.

आणि बोटीवर रोज रात्री खोलीत किंवा बोटीच्या ॲपवर दुसऱ्या दिवसाची जी माहिती येते त्यात सहसा बोट कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढूनच खाली उतरायचं.

प्रश्न : मुंबई-गोवा क्रूझ करतोय. गोव्यात बोटीची बस टूर घ्यावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : बोट मुरगावला, म्हणजे वास्कोला लागते, पणजी तिथून साधारण तीस किलोमीटर. चौघं असाल तर टॅक्सी करा, भाडं आणि परतायची वेळ आधी ठरवून घ्या, आणि जुनं गोवं, मंगेशी एवढंच करा. बीचसाठी वेळ काढायला गेलात तर दोन्हीकडे घाई होईल.