मॉनिटरच्या अंगचे स्पीकर घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा डेस्कटॉप घ्यायचाय, टेबल अरुंद आहे, वायरींचा गुंता नको, म्हणून स्पीकर आतच बसवलेला मॉनिटर मनात भरलाय. बिनस्पीकरच्या मॉनिटरपेक्षा तो महाग पडतो. वरचा फरक तुम्ही अडीअडचणीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काढणार आहात, 'नंतर भरून टाकू' म्हणत. दिवसभर कॉल, संध्याकाळी थोडी गाणी, एवढाच वापर.

आधी त्या 'नंतर भरून टाकू'बद्दल. त्या पैशांना हात लावू नका. रक्कम लहान आहे, मान्य. पण आज तिथून स्पीकर निघाले की उद्या खुर्ची निघते, आणि भरायचं राहूनच जातं. स्पीकर नसणं ही गैरसोय झाली, अडीअडचण नव्हे. महिनाभर हेडफोनवर काढा.

आता निवडीकडे येऊ. किंमत मी नंतर बघतो. कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या गळ्यात बांधली जातेय, हे आधी बघतो. साधे सुटे स्पीकर तीन संगणक बदलले तरी चालतात. मॉनिटरच्या अंगचे मात्र मॉनिटरबरोबर येतात आणि त्याच्याबरोबरच जातात. माझ्याकडच्या एका मॉनिटरचा डावा स्पीकर दोन वर्षांत खरखरू लागला. पडदा ठणठणीत होता. दुरुस्तीसाठी पूर्ण पॅनेल उघडावं लागेल म्हणाले, त्या खर्चात सुटी जोडी आली असती. शेवटी ती घेतलीच, म्हणजे आवाजाचे पैसे मी दोनदा मोजले.

म्हणून माझा हिशोब सरळ आहे. पडदा, स्टँड, हमी सगळं सारखं असलेले दोन मॉनिटर शेजारी ठेवा, एक स्पीकरवाला, एक बिनस्पीकरचा. किमतीतला फरक साध्या सुट्या जोडीपेक्षा कमी असेल तर अंगचे घ्या, जास्त असेल तर सोडा. 'सगळं सारखं' हे मात्र नीट तपासा, कारण कधीकधी स्पीकरवाल्या मॉडेलचा स्टँड वरखाली होत नाही. मग मॉनिटरखाली पुस्तकांचा ढीग लावायची वेळ येते आणि अरुंद टेबल आणखी अरुंद होतं.

आवाजाकडून अपेक्षा किती ठेवायची, तेही पैशाशीच जोडलेलं आहे. माणसाचा कान साधारण 20 ते 20,000 हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपनं) ऐकतो. बोलणं समजायला एवढा पट्टा लागत नाही. जुने टेलिफोन 300 ते 3,400 हर्ट्झवर चालायचे आणि लोक तासन्‌तास गप्पा मारायचे. त्यामुळे कॉलसाठी अंगचे स्पीकर पुरतात. ढोलाचा ठोका मात्र त्यांतून येणार नाही. खालच्या सुराला बरीच हवा ढकलावी लागते आणि पातळ मॉनिटरच्या पोटात स्पीकरच्या तेवढ्या मोठ्या थरथरत्या पडद्याला जागाच नसते. संध्याकाळची गाणी तुमच्यासाठी जीव की प्राण असतील तर हा सौदा तुमचा नाही. पत्रावरून तसं वाटलं नाही.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. यूएसबी 2.0 पोर्ट तर 5 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. त्याच एका वायरवर चालणाऱ्या स्पीकरवर शेकडो वॅट छापलेले दिसले, तर छपाईलाच दाद द्यायची.

कॅबिनेटच्या, म्हणजे संगणकाच्या खोक्याच्या, आत बसणाऱ्या स्पीकरचंही विचारलंत. मदरबोर्डच्या (आतल्या मुख्य सर्किट बोर्डाच्या) पिनांना लावतात ती चकती बीप द्यायला असते, गाणी ऐकायला नाही. सीडी ड्राइव्हच्या 5.25 इंची खणात बसणारे स्पीकर कधीकाळी निघाले होते, पण आजच्या बऱ्याच कॅबिनेटना तो खणच नसतो. सोडून द्या.

घेण्याआधी मॉनिटर सुरू करून दाखवायला सांगा. फोनमध्ये कुणाचं तरी बोलणं रेकॉर्ड करून न्या, खुर्चीच्या अंतरावर बसा, अर्ध्या आवाजात ऐका. मग आवाज पूर्ण करा आणि मॉनिटरच्या मागे तळहात टेकवा. प्लॅस्टिक थरथरत असेल तर ते घरीही थरथरणार. बऱ्याच मॉनिटरचे स्पीकर खाली तोंड करून असतात, आवाज टेबलावर आपटून येतो, तेव्हा घरीही मॉनिटरखालचं टेबल दुकानातल्यासारखंच मोकळं ठेवा, तिथे फायलींचा गठ्ठा नको. आणि घरी आणल्यावर आवाज आलाच नाही, तर दुकानात धावण्याआधी सेटिंगमध्ये आउटपुट मॉनिटरचं निवडलंय का बघा. एचडीएमआय वायरीतून चित्राबरोबर आवाजही जातो, पण संगणक तो कधीकधी सुट्या स्पीकरसाठी असलेल्या मागच्या हिरव्या जॅककडेच पाठवत बसतो.

पैसे पुढच्या पगारातून द्या.